भैयाची ड्यूटी

मे महिन्यात भर दुपारी झाशीत पंखा बंद करून, खिडकीला रजई लावून कोणी कोंडून बसलेलं दिसलं, तर ते एकतर डोक्याने गेलेलं असायचं किंवा आमच्या संस्थेचा स्वयंसेवक असायचा. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून पंखा बंद, रस्त्याचा येतो म्हणून रजई. कॉलनीतले काका मानेवर ओला पंचा टाकून वाचायचे आणि प्रकरण संपलं की मला फोन करायचे, "बेटा, आज पुरा शिजलो."

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बोलत्या पुस्तकांचं इंटरनेटवरचं वाचनालय, हे आमचं काम. संस्था धर्मादाय, तिचं मुख्य कार्यालय दूरच्या मोठ्या शहरात, आणि तिथल्या लोकांना आम्ही फक्त पडद्यावरच पाहिलेलं. स्वयंसेवक घरी बसून पुस्तक वाचतात, फोनवर रेकॉर्ड करतात आणि पाठवून देतात. या वाचनालयातली बरीचशी मराठी पुस्तकं झाशीहून वाचली जातात हे सांगितलं की महाराष्ट्रातली माणसं चकित होतात. त्यात चकित होण्यासारखं काही नाही. एक तर आमच्यासारखी जुनी घरं आहेत, कुठल्याशा कारभाऱ्याबरोबर किंवा पुजाऱ्याबरोबर पूर्वज आले आणि परत गेलेच नाहीत. दुसरी सरकारी कंपनीच्या कॉलनीतली मंडळी, नागपूर-जळगावकडून नोकरीला आली आणि निवृत्त होऊन इथेच राहिली. दोघांचीही मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. घरात मराठी ऐकायला कोणी उरलं नाही म्हणून ही माणसं फोनला वाचून दाखवतात, असं मी गमतीने म्हणायची, पण ते खोटं नव्हतं.

या सगळ्यांना सांभाळायचा मला पगार मिळत असे. पुस्तकं वाटायची, चौकशा करायच्या, रुसवे काढायचे. रुसवे फार. एकीला दिलेली कादंबरी दुसरीला हवी असायची, आणि आमच्याच नात्यातल्या एका काकूंना तर "तुमचा आवाज जरा लांबून येतो" एवढं म्हटल्यावर त्यांनी महिनाभर फोन उचलला नव्हता.

झाशीत पगारावर दुसरा माणूस एकच, भैया. चाळिशीचा, बरुआसागरहून बसने येणारा. आधी तो झाशीजवळ बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात होता, तो बंद पडला. मग लग्नाच्या मंडपात साउंडचं काम करता करता आवाजाचं तंत्र शिकला आणि आमच्याकडे लागला. आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत संस्थेने दिलेला कम्प्युटर होता, तिथे कानाला हेडफोन लावून तो दिवसभर आवाज साफ करायचा. रजई लावली तरी कुकरची शिट्टी येतेच, कुत्रं भुंकतंच, आणि आमच्या गावात रेल्वेचा भोंगा तर देवाच्या घरातही ऐकू जातो. वाचताना चुकलं तर थांबून एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा वाचायचं, अशी आमची पद्धत होती. पडद्यावर टाळीची उंच रेघ दिसते, भैया तिथे जाऊन चुकलेलं वाक्य कापायचा. मराठी त्याला आधी ओ की ठो येत नव्हतं. ऐकून ऐकून यायला लागलं, तेही पुस्तकी. "आपण भोजन केलेत काय?" असं तो काकूंना विचारायचा आणि काकू हसून पदर तोंडाला लावायच्या.

हे छान चाललं होतं असं मी म्हणते, पण छान म्हणजे काय ते तेव्हा कळत नसतं. साताऱ्याकडच्या एक बाई होत्या, नजर पूर्ण गेलेल्या, त्यांना माझा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. एखाद्या कादंबरीचा पुढचा भाग यायला उशीर झाला की त्यांचा फोन यायचा. "अहो, ती मुलगी विहिरीवर गेली होती, पुढे काय झालं तेवढं तरी सांगा." मी भैयाला सांगायची, तो बाकीचं बाजूला ठेवून त्यांचा भाग आधी करायचा.

मग भैयाची आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, मेडिकल कॉलेजात भरती केलं. घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. तो सकाळी दवाखान्यात, दुपारी इथे, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात, आणि रेकॉर्डिंगचा ढीग वाढत चाललेला. मुख्य कार्यालयातून विचारणा होईल या भीतीने तो अर्धा झाला होता.

काकांना हे कळलं आणि त्यांनी कॉलनीतल्या सगळ्यांना आपल्या हॉलमध्ये बोलावलं. काका कंपनीत फोरमन होते. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागात, एक रीत होती, ती ते अभिमानाने सांगायचे. कोणाच्या घरी अडचण असली तर त्याचं काम बाकीच्यांनी उचलायचं, आणि वरच्या साहेबाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. "ड्यूटी सांभाळून घ्यायची," काका म्हणाले. "आज त्याची, उद्या आपली." एका रविवारी भैया स्वतः काकांच्या हॉलमध्ये बसला आणि त्याने सगळ्यांना आवाज साफ करायला शिकवलं. शिट्टी कशी कापायची, टाळी कुठे शोधायची, श्वास किती ठेवायचा. सत्तरीच्या बायका चष्मा वरखाली करत लिहून घेत होत्या. त्यानंतर प्रत्येकजण आपापलं रेकॉर्डिंग घरीच साफ करून पाठवू लागला. भैयाने फक्त शेवटचा हात फिरवायचा. ढीग ओसरला, वर कोणालाही कळलं नाही. आई घरी आली, काठीने चालायला लागली, पण मंडळींनी साफसफाई सोडली नाही. त्यांना त्यात गोडी लागली होती. काकू म्हणायच्या, "हे म्हणजे गहू निवडल्यासारखं आहे, हात थांबत नाही."

मग संस्थेची मोठी देणगी बंद झाली. आधी पत्रं आली, त्यात 'आपलं कुटुंब' हा शब्द इतक्या वेळा होता की मला तेव्हाच शंका आली. माणसं कमी करणार हे नक्की झालं. कोणाला करायचं ते ठरवण्याआधी स्वयंसेवकांचं म्हणणं ऐकून घेऊ, असं मुख्य कार्यालयाने जाहीर केलं आणि सगळ्यांची ऑनलाइन सभा बोलावली.

काका पेटले. भैयाची नोकरी वाचवायची तर हीच वेळ, असं त्यांनी सगळ्यांना पटवलं. सभेच्या दिवशी कॉलनीतली मंडळी त्यांच्या हॉलमध्ये जमली, लॅपटॉप टीव्हीला जोडला, काकूंनी चिवडा नेला होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आणि भैया आमच्या बाहेरच्या खोलीत बसून पडद्यावर हे बघत होतो. कर्मचाऱ्यांनी फक्त ऐकायचं असा नियम होता, आमचे माइक तिकडूनच बंद केलेले.

झाशीची पाळी आली. काका उभे राहिले, त्यामुळे पडद्यावर त्यांचं पोटच दिसत होतं. कोणीतरी कॅमेरा वर केला. काका हिंदीत बोलले, मनापासून बोलले.

"मैडम, हमारा भैया अकेला नहीं है। हमने उसको कभी अकेला पड़ने नहीं दिया। उसकी माँ बीमार थी तो उसका सारा काम हम लोगों ने किया। आपको पता चला? नहीं चला।"

मी माइकचं बटण दाबत होते, ते दबत नव्हतं. मी फोन घेऊन काकूंना लावला. पडद्यावर मला दिसत होतं की काकूंची पर्स पलीकडच्या खुर्चीवर आहे आणि काकू काकांकडे बघत मान डोलावतायत.

"आज भी आधे से ज़्यादा सफ़ाई हम घर पर ही कर देते हैं," काका म्हणाले. "जिस आदमी के पीछे इतने लोग खड़े हों, उसको मत निकालिए। बस।"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्य कार्यालयातल्या मॅडमही वाजवत होत्या. त्या काहीतरी लिहून घेत होत्या. फार प्रेरणादायी, असं म्हणाल्या. आमच्या रेकॉर्डिंगात टाळी वाजली की मागचं वाक्य कापायचं असतं, आणि इथे एवढ्या टाळ्या वाजूनही ते वाक्य तसंच राहिलं. भैया माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. "काका ने तो सब बता दिया," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, राग मलाच आला होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. काकांवर काढता येत नाही. मॅडमनी तर फक्त ऐकून घेतलं होतं.

निकाल आला त्यात झाशीचं कौतुक होतं. इथल्या स्वयंसेवकांनी स्वावलंबनाचा जो आदर्श घालून दिला तो आता सगळीकडे न्यायचा होता. आवाज साफ करणाऱ्यांची गरज राहिली नव्हती, फक्त झाशीत नाही, कुठेच. भैयासारखे आणखी किती गेले मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मला ठेवलं, कारण स्वयंसेवक खूश राहायला हवे होते. मी राजीनामा देईन असं मनाशी म्हटलं, चार दिवस चरफडले आणि दिला नाही. घरात पगार हवा होता, दुसरं काही कारण सांगण्यात अर्थ नाही.

कम्प्युटर परत पाठवायचा होता तो भैयाने स्वतः पुसून खोक्यात भरला. जाताना म्हणाला, "दीदी, काका को मत बताना। उन्होंने तो भले के लिए कहा था।"

"सांगायला नको?" मी म्हटलं. "त्यांना कळायला नको?"

"कळून काय?" तो मराठीत म्हणाला. "वृद्ध गृहस्थ आहेत."

मी हसले आणि मग तो गेल्यावर बराच वेळ रडले. संतापाने रडले.

कॉलनीत बातमी पोचली ती पत्रातल्या शब्दांत. निधी उपलब्ध झाल्यास फेरविचार करण्यात येईल, असं शेवटी एक वाक्य होतं. असलं वाक्य कशासाठी लिहितात हे मला ठाऊक होतं. काकांनी मात्र ते घट्ट धरलं. त्यांचा मला फोन आला, आवाजात उत्साह. "बेटा, निधी येईल. तोवर आपल्याला त्याची जागा धरून ठेवायची आहे. काम बंद पडलं की वरच्यांना वाटते जागाच नको. एक फाइल अडकली नाही पाहिजे. मी सगळ्यांना सांगून ठेवलं." आणि खरोखरच एक फाइल अडकली नाही. भैया असताना व्हायचं त्याहून स्वच्छ काम येऊ लागलं. काका पहाटे उठून वाचायचे, तेव्हा कुकर नसतो. काकूंनी नातवाकडून नवे हेडफोन मागवले. मंडळी जितकी मन लावून त्याची ड्यूटी सांभाळत होती तितकी ती जागा पुसली जात होती, आणि त्यांच्याशी रोज गोड बोलायचा पगार मी घेत होते. मुख्य कार्यालयातून मला शाबासकीची पत्रं यायची. मी ती उघडायची नाही.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वाचणारा आपलं नाव सांगतो आणि मग 'ध्वनिसंपादन' म्हणून साफ करणाऱ्याचं. हे आमच्याकडे पहिल्यापासून होतं. भैया गेल्यावरही सगळे त्याचंच नाव घेत राहिले. कोणी ठरवलं नव्हतं, किंवा काकांनी ठरवलं असेल. पुस्तकामागून पुस्तक बरुआसागरच्या त्या माणसाच्या नावावर जात होतं, आणि तो तेव्हा बिजौलीला एका कारखान्यात खोकी बांधत होता. पुन्हा तिथेच, दुसऱ्या फाटकातून.

हे मुख्य कार्यालयाच्या लक्षात यायला वेळ लागला, पण आलं. जो आता कर्मचारी नाही त्याचं नाव जाता कामा नये, स्वयंसेवकांना समजावून सांगा, असा निरोप आला. समजावून सांगणं हेच माझं काम.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मी कॉलनीत गेले. काका वाचत होते, दार लावलेलं होतं, मी पायरीवर बसून राहिले. काका बाहेर आले तेव्हा घामाने चिंब. "ये ये. निधीचं काही कळलं का?"

मी म्हटलं, "काका, भैयाचं नाव घेऊ नका असं वरून आलंय."

"काहून? काम त्याचं आहे. आम्ही फक्त सांभाळून राहिलो."

"तो परत येणार नाही, काका."

"निधी आला की..."

"निधी आला तरी नाही. ती जागाच काढून टाकलीय. काम फुकट होतंय, मग माणूस कशाला ठेवतील?" मला थांबायला हवं होतं, पण इतके महिने कोंडलेलं सगळं एकदमच बाहेर पडलं. "त्या सभेत तुम्ही सांगितलंत ना, आधी सगळं काम आम्ही केलं, तुम्हाला कळलंही नाही. त्यांनी तेवढंच ऐकलं."

काकांनी पंखा लावला. भिंतीशी तसेच उभे राहिले, बटणावर हात ठेवून.

"मी बोललो त्यानं?"

"तुमचा हेतू..."

"हेतू राहू दे. मी बोललो त्यानं गेला?"

"हो," मी म्हटलं.

"आणि त्याला माहीत आहे?"

"तो माझ्या शेजारीच बसला होता. तुम्हाला सांगू नका म्हणाला."

काका खुर्चीत बसले. काकांच्या घरच्या काकी आतून पाणी घेऊन आल्या, त्यांनी ते घेतलं नाही. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "आमच्या शॉपमध्ये असं कधी झालं नाही."

त्यानंतर त्यांच्याकडून जे रेकॉर्डिंग आलं ते मी लावलं आणि आधी वाटलं फोन बिघडला. पंखा गरगरत होता. कुकर होता, शिट्ट्या सगळ्या. मालगाडी गेली ती पूर्ण गेली. चुकलं तिथे टाळी, आणि चुकलेलं वाक्य तसंच ठेवलेलं. आणि शेवटी, जराही न अडखळता, ध्वनिसंपादन म्हणून भैयाचं नाव. आठवडाभरात कॉलनीतल्या सगळ्यांची तशीच यायला लागली, मग काकूंचंही आलं, त्यात त्या दूधवाल्याशी हिशेबावरून बोलत होत्या. त्याचं काम त्याच्यासाठी ठेवायचं, असं ठरलं होतं. आता ते करून उपयोग नव्हता हे त्यांनाही कळत असणार. पण रागवायची त्यांना दुसरी रीत येत नव्हती.

मुख्य कार्यालयाने दर्जा घसरल्याचं कळवलं. मराठी पुस्तकं निघायची थांबली. साताऱ्याच्या बाईंचा फोन आला, कादंबरी अर्ध्यात आहे, तिच्यातला नवरा घर सोडून गेलाय, पुढचा भाग कधी? मी बघते म्हटलं. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा म्हटलं.

भैया सुट्टीच्या दिवशी भेटायला आला, हातात आल्याची पिशवी. बरुआसागरचं आलं तो नेहमी आणायचा. हाताला खोक्यांच्या पट्ट्यांनी कापल्याचे वण होते. मी त्याला घरच्या लॅपटॉपवर काकांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तो हेडफोन लावून बसला आणि हसायला लागला. "कुकर! अरे, पूरी मालगाड़ी!" मग काकूंचं ऐकलं, आणखी हसला. मी त्याला सगळं सांगितलं, मी काकांना सांगून बसले तेही. त्याचं हसणं गेलं. हेडफोन काढून त्याने नीट गुंडाळून ठेवले.

"ये काका वाला वही है न, सतारा वाली दीदी का?"

"हो."

"तो साफ करके भेज दीजिए। वो बैठी होंगी।" मग म्हणाला, "मैं कर दूँ?"

मी नाही म्हटलं. त्याने फुकट करायचं, माझ्यासमोर बसून, हे मला सहन झालं नसतं. मग मीच बसले. मला धड येत नव्हतं, काकांच्या हॉलमध्ये त्याने शिकवलं त्या रविवारी मी चहाच करत होते. पंखा कमी केला, मालगाडी कापली, टाळ्या शोधल्या. तो शेजारी स्टुलावर बसून बघत होता आणि चुकले की पडद्यावर बोट ठेवून दाखवायचा, इथून नाही, जरा आधीपासून.

भाग संपला. काकांनी आपलं नाव सांगितलं, मग ध्वनिसंपादन म्हणाले आणि मग त्याचं नाव. माझा हात थांबला.

भैयाने वाकून पडद्यावर 'ध्वनिसंपादन'च्या आधी बोट ठेवलं. "यहाँ से," तो म्हणाला.